जुन्या डिस्कवरचा पोस्टग्रेस १० उघडायचाय, पण नव्या जीसीसी कंपायलरवर तो कंपाइलच होत नाही

वाचनालयवाला (फोंडा)

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, कारण अर्धवट माहिती टाकली की पहिले चार प्रतिसाद "पूर्ण एरर टाका" असेच येतात.

आमच्या गावच्या वाचनालयाची पुस्तकसूची आणि सभासदांच्या नोंदी एका जुन्या डेस्कटॉपवर होत्या. कोणीतरी पूर्वी पोस्टग्रेस १० हा डेटाबेस सर्व्हर बसवून दिला होता, तो निमूट चालत होता. यंदा पावसाच्या सुरुवातीला वीज कडाडली आणि मदरबोर्ड गेला. डिस्क शाबूत आहे. ती काढून यूएसबी अडॅप्टरने माझ्या लॅपटॉपला लावली, डेटा फोल्डर व्यवस्थित दिसतो. डंप (सगळ्या डेटाची काढून ठेवलेली प्रत) आहे तो २०१९ चा, म्हणजे नसल्यातच जमा.

लॅपटॉपवर फेडोरा ४२ लिनक्स. पॅकेजमधल्या सर्व्हरला तो फोल्डर दाखवला तर "डेटाबेस फाइल्स आर इनकंपॅटिबल विथ सर्व्हर" म्हणतो, फोल्डर १० ने तयार केलाय म्हणून. मग १० चा सोर्स उतरवला, कॉन्फिगर झालं, आणि मेक -जे ८ दिल्याबरोबर पडद्यावर पूर. शेवटची ओळ ही:

मेक: * [जीएनयूमेकफाइल:११: ऑल-एसआरसी-रिकर्स] एरर २

चवथीआधी सूची चालू करून द्यायचीय. कोणाला कल्पना?

सुशेगाद_सिसॅडमिन (म्हापसा)

१० कशाला बांधतोस? त्या आवृत्तीचा आधार नोव्हेंबर २०२२ लाच संपला. सरळ १७ लाव.

टर्मिनलबाब (पणजी)

लावेल, पण फोल्डर वाचणार कोण? पोस्टग्रेसच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीचा डेटा फोल्डर वेगळा असतो, १७ चा सर्व्हर १० चा फोल्डर उघडतच नाही. पीजी_अपग्रेड या आवृत्ती बदलणाऱ्या साधनालासुद्धा जुन्या आवृत्तीचा सर्व्हर सोबत लागतो. त्याचं बरोबर आहे, १० बांधावाच लागणार.

वाचनालयवाला, दोन गोष्टी. पहिली, मूळ डिस्कवर काहीही चालवू नकोस. पूर्ण फोल्डर सीपी -ए ने लॅपटॉपवर आण आणि त्या प्रतीवरच प्रयोग कर. दुसरी, ती शेवटची ओळ काहीच सांगत नाही. आत कुठेतरी बिनसलं एवढंच मेक बाहेर येऊन सांगतो. आपल्याला पहिला एरर हवा. -जे ८ दिलंस की आठ जणं एकदम बोलतात आणि पहिला कोण हे कळत नाही. -जे काढ, आउटपुट टी कमांडने एका लॉग फाइलमध्ये घे, आणि त्यात "एरर:" शब्द पहिल्यांदा जिथे सापडेल त्याच्या आगेमागच्या पाच ओळी इथे टाक.

वाचनालयवाला

केलं. पहिलाच हा:

सी.एच: एरर: 'बूल' कॅनॉट बी डिफाइन्ड व्हाया 'टाइपडेफ'
नोट: 'बूल' इज अ कीवर्ड विथ '-एसटीडी=सी२३' ऑनवर्ड्स

त्याखालचे शेकडो एरर बहुतेक याचीच पिलावळ.

टर्मिनलबाब

बहुतेक नाही, त्याचीच. फेडोरा ४२ मध्ये जीसीसी १५ आहे आणि त्याने सी भाषेचं डीफॉल्ट मानक बदललं. जीसीसी १४ पर्यंत न सांगता जीएनयू१७ धरलं जायचं, १५ पासून जीएनयू२३. सी२३ मध्ये बूल, ट्रू, फॉल्स हे भाषेचेच शब्द झाले. १० च्या सी.एच या हेडर फाइलमध्ये मजकूर असा आहे: बूल नावाचा मॅक्रो नसेल तर कॅर या प्रकाराला बूल म्हणा. कीवर्ड हा काही मॅक्रो नव्हे, त्यामुळे ती तपासणी "नाही" म्हणते, टाइपडेफ होतो, आणि कंपायलर नकार देतो. पोस्टग्रेस ११ पासून शक्य तिथे एसटीडीबूल.एच वापरतात, म्हणून नव्यांना हा त्रास नाही.

उपाय: कॉन्फिगर करतानाच सीसी="जीसीसी -एसटीडी=जीएनयू१७" दे. सीफ्लॅग्जमध्येही देता येतं, पण तिथे स्वतःचं काही लिहिलं की पोस्टग्रेसचं कॉन्फिगर आपलं -ओ२ घालत नाही. मग सगळं काही बिनऑप्टिमायझेशनचं बांधलं जातं आणि लोक नंतर "सोर्समधून बांधलेला हळू चालतो" म्हणून नवा धागा काढतात. आधी मेक डिस्टक्लीन कर, जुन्या कॉन्फिगरचे अवशेष नकोत.

फर्मागुडी_बॅकबेंचर

सर, आम्हाला प्रोजेक्टमध्ये एका जुन्या एक्स्टेन्शनला असंच झालेलं, "इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन". आम्ही -एफपरमिसिव्ह टाकला आणि सगळे एरर वॉर्निंग झाले. इथेही तेच केलं तर?

टर्मिनलबाब

नको रे. इथे तर तो लागूच पडणार नाही, कीवर्ड तो कीवर्ड. तुमचा प्रश्न जीसीसी १४ चा. मे २०२४ मध्ये आलेल्या त्या आवृत्तीने चार-पाच जुन्या ढिलाया वॉर्निंगमधून एररमध्ये टाकल्या: घोषणा न करता फंक्शन बोलावणं, विसंगत पॉइंटर, इंट आणि पॉइंटर यांची अदलाबदल वगैरे. घोषणाच नसेल तर कंपायलर गृहीत धरतो की फंक्शन इंट परत करतं. प्रत्यक्षात ते पॉइंटर परत करत असेल तर ६४ बिटांपैकी ३२ कापले जातात. बिल्ड हिरवं दिसतं आणि सर्व्हर भलत्याच क्वेरीला कोसळतो. हेडर फाइल इन्क्लूड करा, मिटलं. डेटाबेसच्या बाबतीत कंपायलरचं तोंड बंद करण्याची सवय फार महागात पडते.

फर्मागुडी_बॅकबेंचर

ओके सर. आमचं खरंच भलत्याच क्वेरीला कोसळतं 😅

वाचनालयवाला

बूलचा पूर ओसरला! बराच वेळ छान चाललं आणि अगदी शेवटाकडे, पीजी_रिवाइंड या सोबतच्या साधनात अडकलं:

कॉपी_फेच.सी: एरर: कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर 'कॉपी_फाइल_रेंज'

मी १०.१ घेतलाय, कारण जुन्या डिस्कवरच्या सर्व्हरची आवृत्ती १०.१ च दिसते. तंतोतंत तीच लागेल ना?

दर्यासारंग (वास्को)

तंतोतंत लागत नाही. १० नंतरचा आकडा म्हणजे निव्वळ दुरुस्त्या, फोल्डरची मांडणी तीच राहते. १० ची शेवटची आवृत्ती १०.२३, ती घे.

हा एरर मला चांगला ओळखीचा आहे. ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२७ मध्ये, फेब्रुवारी २०१८ ला, कॉपी_फाइल_रेंज नावाचं फंक्शन आलं. पीजी_रिवाइंडमध्ये त्याच नावाचं खाजगी फंक्शन आधीपासून होतं. गावात एकाच नावाचे दोघे आणि पोस्टमन गोंधळलेला, तसं. पोस्टग्रेसवाल्यांनी नंतरच्या दुरुस्तीत आपल्याचं नाव बदललं. १०.१ नोव्हेंबर २०१७ चा, त्याला हे कुठून ठाऊक असणार? जुना सोर्स नव्या मशीनवर बांधताना निम्मी डोकेदुखी शेवटची दुरुस्ती-आवृत्ती घेतली की जाते.

वाचनालयवाला

१०.२३ विनातक्रार बांधला गेला. प्रतीवर सुरू केला (रूटने चालवायला गेलो तर चालतच नाही, म्हणून साध्या वापरकर्त्याने) आणि आता हे:

फेटल: इनकरेक्ट चेकसम इन कंट्रोल फाइल

डिस्क खराब आहे का? 😟 वाचनालयाच्या अध्यक्षांना काय सांगू?

सुशेगाद_सिसॅडमिन

कंट्रोल फाइल गेली. पीजी_रीसेटवॉल -एफ मार, होईल सुरू.

टर्मिनलबाब

अजिबात नको!! ते शेवटचं हत्यार आहे, तेही दुसऱ्या प्रतीवर. त्याने वॉल (बदल आधी लिहून ठेवायची नोंद) फेकलं जातं आणि मशीन अचानक बंद पडल्यामुळे अर्धवट राहिलेले बदल कायमचे अर्धवट राहतात. १० मध्ये पीजी_एक्सलॉग फोल्डरचं नाव बदलून पीजी_वॉल केलं, ते लोक "लॉग आहे, जागा खातो" म्हणून तो पुसायचे म्हणूनच. त्या फोल्डरला हात लावायचा नाही.

वाचनालयवाला, तो जुना डेस्कटॉप किती जुना? जुन्या डिस्कवरच्या पोस्टग्रेसच्या बायनरीवर फाइल ही कमांड चालव आणि काय येतं ते सांग.

वाचनालयवाला

"ईएलएफ ३२-बिट एलएसबी" असं सुरू होतं.

टर्मिनलबाब

मग अध्यक्षांना सांगा, डिस्क बहुधा ठणठणीत आहे.

पोस्टग्रेसचा डेटा फोल्डर केवळ आवृत्तीशी बांधलेला नसतो, मशीनच्या घडणीशीही असतो. ३२ बिटांच्या एक्स८६ वर आठ बाइटची संख्या चारच्या पटीतल्या जागेवर बसली तरी चालते, ६४ बिटांवर ती आठच्या पटीत बसवतात. कंट्रोल फाइल म्हणजे सीमधला एक स्ट्रक्चर जसाच्या तसा डिस्कवर लिहिलेला. तुझा ६४ बिटांचा सर्व्हर त्यात चेकसम जिथे शोधतो, तिथे तो नाहीच, थोडा अलीकडे आहे. मग "चुकीचा चेकसम" म्हणणारच. टेबलांतल्या ओळींचीही तीच गत, म्हणून कंट्रोल फाइल नवी केली असती तर पुढे आणखी गोंधळ झाला असता.

३२ बिटांचा १०.२३ बांध. सीसी="जीसीसी -एम३२ -एसटीडी=जीएनयू१७". सोबत --विदाउट-रीडलाइन आणि --विदाउट-झेडलिब दे, म्हणजे त्यांच्या ३२ बिटांच्या लायब्रऱ्या शोधत बसायला नको.

वाचनालयवाला

कॉन्फिगर पहिल्याच पायरीला: "सी कंपायलर कॅनॉट क्रिएट एक्झिक्युटेबल्स". आता कंपायलरच बिघडला??

दर्यासारंग

कॉन्फिगर पडद्यावर निकाल सांगतं, कारण कॉन्फिग.लॉगमध्ये लिहितं. त्या फाइलमध्ये तोच निकाल शोध आणि तिथून वर वाचत जा. (खाली शेवटी व्हेरिएबलांची भली मोठी यादी असते, तिच्यात वेळ घालवू नकोस.)

वाचनालयवाला

सापडलं: "एलडी: कॅनॉट फाइंड सीआरटी१.ओ: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी".

दर्यासारंग

३२ बिटांची ग्लिबसीची डेव्हलपमेंट पॅकेजं नाहीत. फेडोरावर ग्लिबसी-डेवेल.आय६८६ आणि लिबजीसीसी.आय६८६. डेबियन-उबुंटूवाल्यांनी जीसीसी-मल्टिलिब. कंपायलर धडधाकट आहे, त्याने बनवलेल्या तुकड्यांना जोडायला ३२ बिटांचं सामान नव्हतं, इतकंच.

काजूबिया (डिचोली)

मध्येच घुसतोय, माफ करा. माझं मारियाडीबीचं बिल्ड दर वेळी वेगळ्याच फाइलवर मरतं: "सी++: फेटल एरर: किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी१प्लस". हे कुठल्या एररमध्ये मोडतं?

टर्मिनलबाब

कुठल्याच नाही, रॅम संपली. दर वेळी वेगळी फाइल हीच खूण. डीमेसेग कमांडने कर्नलचा लॉग बघ, "आउट ऑफ मेमरी" दिसेल. मारियाडीबी सी++ मध्ये आहे, एकेक फाइल भरपूर मेमरी खाते. -जे कमी कर, स्वॅप वाढव. पुढचं वेगळ्या धाग्यात घे बाबा, इथे ३२ बिटांचं बाळंतपण चाललंय.

वाचनालयवाला

मंडळी, सर्व्हर उठला!! मध्ये एक अडथळा: डेटाबेसचं लोकेल (भाषा-प्रदेशाचे नियम) एमआर_आयएन होतं आणि माझ्या लॅपटॉपवर ते नव्हतं, ग्लिबसी-लँगपॅक-एमआर टाकल्यावर गेलं. मग लॉगमध्ये रिकव्हरी चालल्याच्या ओळी आल्या आणि "रेडी टू ॲक्सेप्ट कनेक्शन्स". वीज पडली त्या दिवशी दुपारी दिलेलं पुस्तकसुद्धा नोंदीत आहे.

फर्मागुडी_बॅकबेंचर

🔥🔥

दर्यासारंग

आता घाई करू नकोस. पीजी_अपग्रेड इथे चालणार नाही, ३२ बिटांवरून ६४ वर तो नेत नाही. पीजी_डंपच काढायचा, आणि तोही १७ चा पीजी_डंप वापरून. नवा पीजी_डंप ९.२ पर्यंतच्या जुन्या सर्व्हरशी बोलतो.

डंपचा आणखी एक फायदा. ग्लिबसी २.२८ मध्ये, २०१८ साली, अक्षरांच्या क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. मजकुरावरचे जुने इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले असतात, नव्या ग्लिबसीवर ते गुपचूप चुकीची उत्तरं देऊ शकतात. डंपमध्ये इंडेक्स येत नाहीत, फक्त त्यांची व्याख्या येते. नव्या सर्व्हरवर ते नव्याने रचले जातात. तोवर त्या जुन्या सर्व्हरवर नावाने शोधाशोध करू नकोस.

वाचनालयवाला

१७ पण सोर्समधूनच बांधतोय. (पॅकेज मिळतं, ठाऊक आहे, पण आता हात बसलाय.) पहिल्यांदा "बायसन नॉट फाउंड". १० ला तर लागला नव्हता? तो टाकला, मग मेकमध्ये "कान्ट लोकेट फाइंडबिन.पीएम".

टर्मिनलबाब

१० च्या टारबॉलमध्ये पार्सरच्या तयार केलेल्या फाइली आयत्या असायच्या. १७ पासून त्या देत नाहीत, त्यामुळे फ्लेक्स, बायसन आणि पर्ल तिन्ही लागतात. फेडोरावर पर्लचे तुकडे केलेले आहेत, नुसत्या इंटरप्रीटरसोबत फाइंडबिन येत नाही. पर्ल नावाचं पूर्ण पॅकेज टाक, पुढचे दोन-तीन एररही त्यातच जातील.

वाचनालयवाला

पर्ल टाकलं, मग सगळं पुसून नव्या फोल्डरात पुन्हा पहिल्यापासून कॉन्फिगर केलं. या खेपेला आणखी एक पर्याय बदलून पाहत होतो, आणि आता "आयसीयू लायब्ररी नॉट फाउंड" म्हणून थांबलंय. खाली स्वतःच सुचवतंय की --विदाउट-आयसीयू द्या. रीडलाइनला दिलं तसंच देऊन पुढे जाऊ ना?

टर्मिनलबाब

थांब. इथे नाही.

१० आपण एकदाच डंप काढण्यापुरता उठवला, त्यात रीडलाइन नसेल तर पीएसक्यूएलमध्ये वरच्या बाणाने जुनी कमांड येणार नाही, एवढाच तोटा. आयसीयू ही भाषावार नियम पुरवणारी लायब्ररी, तिचं तसं नाही. १६ पासून ते मुळातच चालू ठेवलंय, आणि तुझी सूची मराठी आहे.

सी लोकेलमध्ये क्रम युनिकोडच्या आकड्यांनी लागतो. तिथे ल, ळ, ऴ, व असे लागोपाठ बसलेत. म्हणजे "काळ" हा "कावळा" आणि "काहूर" यांच्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतरचा. तसंच क्ष म्हणजे युनिकोडच्या लेखी क, हलन्त, ष, त्यामुळे "क्षितिज" क च्या शेपटीला जातं आणि "ज्ञानेश्वर" ज च्या. तुमच्या कपाटातली पुस्तकं अशी लावलेली आहेत का? आयसीयूमध्ये मराठीचे नियम आहेत, इनिटडीबी (नवा डेटा फोल्डर तयार करणं) झालं की एमआर-एक्स-आयसीयू या नावाचं कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) आपोआप मिळतं. ग्लिबसीच्या लोकेलवरही मराठी क्रम मिळेल, पण ते मशीनच्या ग्लिबसीसोबत बदलतं, वर सांगितलं तसं. आयसीयूची आवृत्ती पोस्टग्रेस नोंदवून ठेवतो आणि बदलली की बजावतो.

एका पॅकेजचा प्रश्न आहे: लिबआयसीयू-डेवेल. कॉन्फिगर सुचवतं ते बिल्ड पुढे सरकावं म्हणून, त्याला तुमच्या पुस्तकांची काय माहिती.

सुशेगाद_सिसॅडमिन

हे मला नवीन होतं. आमच्याकडे ग्राहकांची यादी कायम विचित्र लागते, लोक म्हणतात सॉफ्टवेअर जुनं आहे.

वाचनालयवाला

टाकलं, बांधलं, १७ च्या पीजी_डंपने काढलं, १७ मध्ये भरलं. लेखकांची यादी ऑर्डर बाय लावून आधी "सी" कोलेशनने आणि मग एमआर-एक्स-आयसीयूने छापली. दुसरी यादी ग्रंथपालबाईंना दाखवली. त्यांनी चष्म्यातून खालपर्यंत पाहिली, क्षीरसागर कुठे आलेत ते बोटाने शोधलं आणि "असंच हवं" म्हणाल्या. सगळ्यांना देव बरें करूं!

एक शंका. काही पुस्तकं कोकणी आहेत, त्यांना हेच कोलेशन चालेल?

दर्यासारंग

देवनागरी कोकणीसाठी वेगळं आहे, केओके-एक्स-आयसीयू. भाषेचा कॉलम असेल तर कोकणीची यादी छापताना क्वेरीतच ते कोलेशन लाव, एकत्र यादीला मराठीचं ठेव. रोमी कोकणी पुस्तकं असतील तर त्यांची यादी वेगळीच काढा, एका रांगेत दोन लिप्या कोणालाच वाचता येत नाहीत.

टर्मिनलबाब

आणि रोजचा डंप क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालेल असा) आजच लाव, तो दुसऱ्या मशीनवर जायला हवा. १० चा फोल्डर आणि ती ३२ बिटांची बायनरी चवथ होईपर्यंत तरी पुसू नकोस. सभासदांच्या नोंदींचे आकडे दोन्हीकडे काउंटने जुळवून बघ, मग शीर्षकात "सुटलं" असं लिही.